फोमचं अस्वल: नेम सुधारला, वर्तुळं मात्र फसवी

हरणाच्या शिकारीवर हात बसलेला, त्यामुळे मी जनावराच्या खांद्याला चिकटूनच बाण सोडायचो. धनुष्यबाणाच्या सरावासाठीच्या या पूर्णाकृती फोमच्या अस्वलाने ती खोड मोडली. आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या किंचित मागे, अंगाच्या मधल्या उंचीवर नेम धरायचा. दोन्ही फुप्फुसं तिथेच. खाली धरलं तर बाण नुसत्या केसांतून जातो. आणि जखमी अस्वल शोधणं महाकठीण, चरबी आणि दाट केस रक्त जमिनीवर पडूच देत नाहीत.

तक्रार एकच, पण मोठी. छापलेलं दहा गुणांचं वर्तुळ फार पुढे, थेट खांद्याच्या हाडावर आहे! मी त्यावर चिकटपट्टी लावली. अस्वल तिरकं, तोंड आपल्यापासून लांब जाईल असं फिरवून पलीकडच्या खांद्याच्या रोखाने सराव करा. समोरून? नकोच.