आजी हाताने रेखाटावी की सुट्या भागांतून जोडावी?

चार विद्यार्थ्यांचा गट, हाताशी एक सत्र आणि दीड मिनिटाची ॲनिमेशन फिल्म असा हिशेब असेल, तर पात्रे रेखाटायला बसण्यापूर्वीच तंत्र ठरवून घ्यावे, कारण तंत्र बदलले की पात्राचा वेष, दागिने आणि कधीकधी चेहरेपट्टीसुद्धा बदलावी लागते. उदाहरणादाखल चौकड्यांचे नऊवारी लुगडे नेसलेली आणि दोन्ही हातांत चार-चार बांगड्या घातलेली एक आजी घेऊ.

आजीची प्रत्येक हालचाल हाताने रेखाटायची ठरवली, तर सेकंदाला २४ फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या स्थिर प्रतिमा) धरून आणि एकेक चित्र दोन फ्रेम टिकवूनही सेकंदाला १२ चित्रे लागतात. दीड मिनिटाची १०८० चित्रे होतात, आणि आजी सतत दिसत व हलत राहिली तर नुसत्या बांगड्याच ८६४० काढाव्या लागतात. कच्चे रेखाटन, पक्की रेषा आणि रंग असे तीन हात फिरवायचे म्हटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठशेहून अधिक कामे येतात. त्यामुळे या पद्धतीत बांगड्यांच्या जागी एकच जाड पाटली आणि चौकड्यांच्या जागी एकरंगी लुगडे घेणे भाग पडते. मोबदल्यात पदर सावरणे, मान वळवून पाहणे, हसताना गाल वर जाणे अशा गोष्टी जिवंत वाटतात, आणि त्या दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत इतक्या सहज साधत नाहीत.

मात्र गटाची खरी अडचण चित्रांच्या संख्येपेक्षा चार वेगवेगळ्या हातांची असते. मॉडेल शीटवर, म्हणजे पात्राच्या मापांच्या नमुना-तक्त्यावर, आजी साडेतीन डोकी (डोक्याच्या साडेतीन पट) उंच आहे असे लिहून ठेवले तरी तिसऱ्या शॉटमध्ये ती चार डोक्यांची होते, कुणाची रेषा जाड तर कुणाची बारीक येते, आणि शेवटी एकाच घरातल्या चार बहिणी पाहिल्यासारखे वाटते. समोरून, थोडी वळलेली (पाऊण) आणि बाजूने अशी तिन्ही रूपे एकाच हाताने काढून घेतली तर हा दोष कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

कट-आउट पद्धतीत आजी एकदाच रेखाटायची, पंधरावीस सुट्या भागांत कापायची आणि सांध्यांवर जोडून हलवायची. येथे चौकडी आणि बांगड्या हव्या तेवढ्या घ्याव्यात, कारण त्या पुन्हा काढायच्या नसतात. कुणीही हलवली तरी आजी तीच राहते. कोपर आणि खांद्याशी भागांची टोके गोल ठेवून एकमेकांखाली सरकवली नाहीत, तर हात वाकताच फट दिसते. बसताना लुगड्याचा घोळ वळत नसल्याने बैठ्या आजीचा कमरेखालचा भाग वेगळाच काढावा लागतो. संवादांसाठी तोंडाचे सहासात आकार पुरतात. तोंडाच्या आकारांच्या इंग्रजी तक्त्यातला, 'th'साठीचा, दातांमधून जीभ डोकावणारा आकार मराठीला लागत नाही, तो वगळावा. आजीने वळणे मात्र येथे महागात पडते, कारण नव्या कोनासाठी सुटे भाग पुन्हा काढावे लागतात. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या चामड्याच्या सपाट बाहुल्या पाहिल्या, तर न वळणारी आकृतीही किती बोलकी असू शकते ते ध्यानात येते. ही मर्यादा लपवण्यापेक्षा तिचीच शैली करावी.

ब्लेंडर हे त्रिमिती ॲनिमेशनचे सॉफ्टवेअर मोफत असल्याने त्रिमितीचा मोह होतो. पण मॉडेल आणि रिगचे (मॉडेल हलवण्यासाठी आत बसवलेल्या सांगाड्याचे) ओझे बहुधा गटातल्या एकाच जाणकारावर पडते, आणि एका फ्रेमच्या रेंडरला, म्हणजे संगणकाने अंतिम चित्र तयार करायला, दोन मिनिटे लागली तरी २१६० फ्रेमना एका संगणकावर ७२ तास लागतात. मातीच्या बाहुल्या किंचित हलवत एकेक फोटो काढण्याचा विचार स्वतंत्र खोली आणि न हलणारा दिवा मिळत असेल तरच करावा.

माझा कौल अशा गटासाठी कट-आउटला आहे. आजीच्या चेहऱ्याचे दोनतीन जवळचे शॉट तेवढे हाताने, आणि तेही एकाच विद्यार्थ्याने करावेत. गटाचे मत हाताने रेखाटण्याकडेच झुकत असेल, तर आधी चौघांनी एकमेकांचे न पाहता खाली वाकलेली आजी काढून ती चारही चित्रे एकावर एक ठेवून पाहावीत, आणि डोळे व खांदे जुळत नसतील तर कट-आउट घ्यावे.