उभा निवडुंग घ्यायचाय? आधी काट्याचं बूड बघा

सोलापूरच्या उन्हाला टिकेल आणि जमलं तर फळही देईल, असं झाड गच्चीसाठी हवं असलं की उभ्या निवडुंगावर नजर जाते. पण नर्सरीत खांबासारखं, कंगोऱ्यांचं काहीही कॅक्टस म्हणून मिळतं. त्यामुळे पैसे देण्याआधी काटे कुठून फुटलेत ते नीट बघा. खऱ्या कॅक्टसचे काटे मऊ लवेच्या छोट्या गादीतून झुबक्याने निघतात. ती गादी नाही, काटे जोडीजोडीने आहेत आणि जरा खरचटलं की पांढरा चीक येतो, तर ते शेराच्या कुळातलं युफोर्बिया. त्याला खाण्याजोगं फळ धरत नाही. शिवाय चीक डोळ्यात गेला तर थेट दवाखाना गाठावा लागतो. लहान मुलं असलेल्या घरी ते नेऊच नये असं माझं मत आहे.

बुटका, बुरुजांसारख्या फांद्यांचा फेअरी कॅसल मात्र खरा कॅक्टस आहे. दिसतो छान, पण कुंडीत क्वचितच फुलतो. त्याच्या डोक्यावर रंगीत फूल दिसलं तर हलकेच हलवून बघा, वाळकं फूल डिंकाने चिकटवलेलं असू शकतं.

खरी निवड करायची आहे ती सिरियस आणि ड्रॅगन फ्रूट यांच्यात.

सिरियस हा दक्षिण अमेरिकेतला, निळसर हिरव्या सरळ खांबाचा. तो पुरुषभर उंच होईपर्यंत बहुधा फुलत नाही, म्हणून धीर हवा. थोराड झाडाचा तुकडा लावला तर वाट कमी पाहावी लागते. कळी कंगोऱ्यावर येते, रात्री तळहाताएवढं पांढरं फूल उमलतं आणि ऊन चढलं की मान टाकतं. फळ बिनकाट्याचं, लालसर सालीचं, आत पांढरा गर आणि काळ्या बारीक बिया.

इथेच बरेच जण फसतात. फुलं दरवर्षी येतात, फळ मात्र धरत नाही. सिरियसला साधारणपणे स्वतःचा पराग चालत नाही आणि एकाच झाडाचे चार तुकडे लावले तरी ते एकच झाड. म्हणून दुसरं रोप वेगळ्या ठिकाणाहून आणा आणि दोन्ही एकाच रात्री फुलली की मऊ ब्रशने याचा पराग त्याला लावा.

ड्रॅगन फ्रूट आपल्या जिल्ह्यात शेतकरी लावतातच. त्याचं खोड तीनधारी असतं, पण स्वतःच्या बळावर उभं राहत नाही, त्याला खांब लागतो. पांढऱ्या गराचे बहुतेक वाण एकट्यानेच फळ धरतात आणि फुलापासून महिना-सव्वा महिन्यात फळ तोडायला येतं. फळच हवं असेल आणि जागा एकाच कुंडीपुरती असेल, तर मी हेच घ्यायला सांगेन. डौल हवा, रात्रीचं फूल हवं आणि दोन रोपांना जागा आहे, तर सिरियस.

सिरियस नुसत्या काळ्या मातीत लावू नका. मुरूम, जाड वाळू आणि थोडं शेणखत घाला, नाहीतर सप्टेंबरच्या पावसात बूड कुजतं. ग्रीन नेटखालचं रोप मे महिन्यात एकदम उघड्यावर ठेवलं तर सालीवर पिवळट डाग पडतात आणि ते जात नाहीत. म्हणून रोप पावसाळा सरताना आणा.