यूएसबीची वीजबचत: आठ महिने वापरून झाल्यावर

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे दिवसातून तीन-चारदा वीज जायची आणि लॅपटॉपच्या बॅटरीवरच काम उरकावं लागायचं. म्हणून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधल्या यूएसबीच्या वीजबचतीच्या, म्हणजे वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवण्याच्या सोयीच्या मागे लागलो. आठ महिन्यांनी घडी नीट बसली आहे.

सुरुवात चुकली होती. पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रामच्या ऑटो-ट्यूनने मी सगळीच उपकरणं एका फटक्यात ‘ऑटो’वर, म्हणजे रिकामी असली की आपोआप झोपतील अशी टाकली. दोन सेकंद हात थांबला की कीबोर्ड झोपायचा आणि पुन्हा टाइप करायला घेतलं की पहिली कळ गिळायचा. ‘नमस्कार’ लिहावं तर पडद्यावर ‘मस्कार’. दिवसभर मराठी टाइप करणाऱ्याला हे फार जाचतं. माऊस तर नुसता हलवून उठायचाच नाही, बटण दाबावं लागायचं.

मग कर्नलसोबत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबत येणारी, अॅलन स्टर्न यांनी लिहिलेली यूएसबी पॉवर मॅनेजमेंटची माहिती शांतपणे वाचली. अनेक उपकरणांना ही झोप सोसत नाही, म्हणून हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारं उपकरण) सोडून बाकी सगळ्यांसाठी कर्नल ती मुळात बंदच ठेवतो, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हे आधी वाचलं असतं तर दोन आठवडे वाचले असते. इतकं प्रामाणिक तांत्रिक लिखाण क्वचित वाचायला मिळतं.

लिनक्समध्ये प्रत्येक उपकरणाचं एक फोल्डर दिसतं. त्यातल्या ‘पॉवर’ फोल्डरमध्ये ‘कंट्रोल’ नावाची फाईल असते. तिच्यात ‘ऑन’ लिहिलं की उपकरण जागं राहतं, ‘ऑटो’ लिहिलं की रिकामं असताना झोपू शकतं. किती वेळाने झोपायचं ते शेजारच्या दुसऱ्या फाईलमध्ये मिलिसेकंदांत असतं. मूळ आकडा 2000. जुन्या लेखांत ‘लेव्हल’ नावाची फाईल सांगतात, तिच्या नादी लागू नका.

कीबोर्ड आणि माऊस मी ‘ऑन’वर आणले. कॅमेरा, बोटाचा ठसा घेणारा सेन्सर आणि कार्ड रीडर ‘ऑटो’वरच ठेवले. खरी बचत यांच्यातच आहे. लॅपटॉपच्या आतच असल्याने त्यांची आठवणही राहत नाही, पण ते जागे असले की त्यांच्यापायी यूएसबी सांभाळणारा कंट्रोलर जागा राहतो आणि प्रोसेसरलाही गाढ झोप लागत नाही. माझ्या लॅपटॉपवर साधारण वीस मिनिटं वाढली. वीज गेलेली असताना वीस मिनिटं म्हणजे एक पान हातावेगळं होतं.

केबल काढून परत लावली की हाताने लिहिलेलं सेटिंग पुसलं जातं. त्यासाठी यूडेव्हचा (उपकरण जोडलं की ठरलेलं सेटिंग आपोआप लावणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) नियम लिहावा, आणि तो पोर्टच्या नंबरवर न बांधता उपकरणाच्या व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडीवर, म्हणजे कंपनी आणि मॉडेल ओळखणाऱ्या क्रमांकांवर बांधावा. पोर्टवरून पडलेलं ‘1-1.2’ हे नाव म्हणजे पहिली बस (यूएसबीची मुख्य वाहिनी), तिचा पहिला पोर्ट, तिथल्या हबचा दुसरा पोर्ट. जागा बदलली की हे नावही बदलतं. मी वहीत एकेका उपकरणाला एकेक पान दिलंय: आयडी, सेटिंग, का बदललं, कोणत्या तारखेला. मार्चमध्ये सिस्टीम नव्याने टाकली तेव्हा त्या वहीवरून अर्ध्या तासात सगळं परत लागलं.

झोपलेल्या उपकरणाची वीज तुटत नाही, हेही ध्यानात ठेवा. पोर्टवर 5 व्होल्ट असतातच. एकेका पोर्टची वीज खरोखर तोडायची तर हबमध्येच तशी सोय लागते. माझ्या एका हबने ती असल्याचं कळवलं, आज्ञाही मुकाट स्वीकारली, पण त्याला लावलेला छोटा दिवा जळतच राहिला. आता हब घेताना दुकानातच दिवा लावून बघतो.

रेकॉर्डिंगचा माइक मात्र अजून जमलेला नाही. झोपेतून उठताना तो ‘टक्’ असा आवाज सोडतो आणि तो रेकॉर्ड होतो. सध्या त्याच्या पानावर ‘ऑन’ लिहिलंय, पेन्सिलीने.