सीलबंद पाकिटात वापरलेल्या कॉइली: ई-सिगारेटवाल्याचा उद्योग

ई-सिगारेटची विक्री आपल्याकडं २०१९ च्या कायद्यानं बंद आहे. गिऱ्हाइकापेक्षा हे विकणाऱ्याला जास्त पक्कं ठाऊक असतं, आणि त्याचा सगळा धंदा त्यावरच चालतो. माल खराब निघाला तरी माणूस तक्रार घेऊन जाणार कुठं?

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं मोबाइल आणि बारीकसारीक इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्तीचं दुकान आहे. सिगारेट सोडायची म्हणून भाच्यानं मोबाइलवर जाहिरात बघून हे यंत्र मागवलं. यात कॉइल असते, म्हणजे कापूस लावलेली बारीक तार. ती तापली की कापसातल्या लिक्विडची वाफ होते. कॉइल संपली की पाकिटातून नवी घेऊन बसवायची. पैसे आगाऊ, बिल नाही. थोड्याच दिवसांत जळकी, घसा धरणारी चव यायला लागली. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं, "भावा, लिक्विड टाकल्यावर कापूस भिजू दिला नाहीस, कॉइल गेली. नवीन पाकीट घे." यातलं निम्मं खरं आहे. कोरड्या कापसावर बटण दाबलं तर कापूसच जळतो, म्हणून नवीन कॉइल बसवल्यावर थोडा वेळ थांबावं लागतं. त्यामुळं पोरगं गप्प बसलं आणि पाकिटं घेत राहिलं. पुढं स्क्रीनवर ‘ॲटमायझर नाही’, म्हणजे कॉइलचा भागच यंत्राला सापडत नाही, असं यायला लागलं, तर म्हणे बॅटरी गेली, आता डिव्हाइसच नवीन घे.

तेव्हा कुठं माझ्याकडं आला, "मामा, हे जरा बघा की."

व्होल्ट आणि रेझिस्टन्स मोजायचा मल्टिमीटर काढला. दोन्ही प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरींची टोकं, एकमेकींना टेकवून वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी बघितला. एक-दीड ओहम मोजताना तो वजा केला नाही तर आकडा चुकतो. मग एक प्रोब कॉइलच्या बाहेरच्या आट्यांवर, दुसरा मधल्या पिनेवर. पाकिटावर १.२ ओहम छापलेलं. एका कॉइलला मीटर काहीच दाखवेना, म्हणजे आतली तार तुटलेली. दुसरीला जवळजवळ शून्य, सरळ शॉर्ट. संरक्षण नसलेल्या साध्या यंत्रात ही बसवली असती तर लिथियम सेल पेटायचीही भीती. बॅटरी मात्र ठणठणीत, चार व्होल्टच्या वर.

शॉर्ट निघालेली कॉइल कटरनं कापली. बाहेरून चकाचक, आत कापूस काळा-तपकिरी, तारेवर कोळशाचा थर आणि पिनेभोवतीचं रबर वितळून तार बॉडीला टेकलेली. पाकिटाची कडही कुणीतरी घरी गरम करून चिकटवल्यासारखी वाकडीतिकडी. वापरलेल्या कॉइली पुसून नव्या म्हणून विकल्या होत्या!

फोटो पाठवल्यावर गड्याचा सूरच बदलला. "वस्तू बेकायदा आहे, जास्त बोलाल तर तुमचाच पत्ता पोलिसांना देतो." पाठोपाठ दुसऱ्या नंबरवरून एक ‘साहेब’ बोलले, पार्सल पकडलंय, १५ हजारांत मिटवा. भाचा पार गळपटला, पैसे पाठवायलाच निघाला होता. मी मोबाइल काढून घेतला. कायद्यात शिक्षा आहे ती बनवणं, आयात, विक्री, जाहिरात आणि साठा यांना. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. खरा पोलीस यूपीआयवर तडजोड मागत नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. चॅटचे स्क्रीनशॉट, यूपीआय आयडी आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवले होते, तेच कामाला आले. पैसे अजून परत आलेले नाहीत. या नंबरवर लगेच कळवलं तर समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येते. आमच्याकडं मधे बरेच दिवस गेले होते. धमकीचे फोन मात्र तक्रारीचा क्रमांक सांगितल्यावर बंद झाले.

आणि सिगारेट सोडायचीच असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी, मोफत नंबर आहे. भाचा आता तिथं बोलतो.