बिलावर सीएनसी, प्रत्यक्षात हातग्राइंडर : अ‍ॅम्बॅसेडरच्या हेडकामात झालेली फसवणूक

अ‍ॅम्बॅसेडरचे जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन ज्यांनी अजून जपले आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. मला ज्या रीतीने फसवले गेले, ती रीत हेड (सिलिंडरांवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) हातात घेऊन मोजल्याशिवाय लक्षात येत नाही आणि बहुतेक ठिकाणी मोजण्याची वेळ येण्याआधीच पैसे चुकते झालेले असतात.

हे इंजिन मूळचे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे ‘बी-सिरीज’. त्याचे हेड बिडाचे असून व्हॉल्व्हच्या सीट (बंद होताना व्हॉल्व्ह टेकतो त्या गोल कडा) त्या बिडातच कापलेल्या असतात. वेगळ्या रिंगा बसवलेल्या नसतात. पेट्रोलमध्ये शिसे होते तोवर शिशाच्या संयुगांचा पातळ थर एक्झॉस्ट सीटचे रक्षण करत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. तेव्हापासून महामार्गावर सतत वेगात किंवा भार घेऊन चालणाऱ्या गाडीत या सीट झिजतात, व्हॉल्व्ह हेडमध्ये रुतत जातो, व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हावा म्हणून ठेवलेली टॅपेटची फट बुजते आणि अखेर व्हॉल्व्ह जळतो. त्यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे सीटच्या जागी अचूक मापाचा खड्डा कोरून त्यात कठीण पोलादी रिंग घट्ट बसवणे.

पिंपरी-चिंचवड परिसरातील एका वर्कशॉपने हे काम लेखी कोटेशन देऊन घेतले. चारही एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कठीण सीट, पाच अक्षांच्या सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमने चालणाऱ्या) मशीनवर सर्व पोर्टना (हवा-इंधन आत नेणाऱ्या इनटेक आणि जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट वाटांना) आकार आणि हेडच्या पृष्ठभागाची लागेल तेवढीच छिलाई, असे त्यात स्पष्ट नमूद होते. साध्या हेडकामाच्या कित्येक पट रक्कम त्यांनी मागितली. सीएनसीवर सर्व पोर्ट एकाच प्रोग्रॅमने कापले जात असल्याने प्रत्येक सिलिंडरला सारखीच हवा मिळते, हे त्यांनी दिलेले कारण तत्त्वतः बरोबरच आहे. हेड देण्यापूर्वी मी त्याची जाडी चारही कोपऱ्यांवर मायक्रोमीटरने मोजली, छायाचित्रे घेतली आणि रॉकर कव्हरखाली झाकल्या जाणाऱ्या भागात पंचने एक खूण केली.

काम चालू असताना त्यांनी मशीनचा व्हिडिओ पाठवला आणि संशयाची सुरुवात तिथूनच झाली. बी-सिरीजच्या हेडला इनटेकचे दोन आणि एक्झॉस्टचे तीन असे पाचही पोर्ट एकाच बाजूला असतात. व्हिडिओतल्या हेडला दोन्ही बाजूंना पोर्ट होते, म्हणजे ते दुसऱ्याच कोणत्यातरी इंजिनाचे हेड होते. विचारल्यावर ‘नमुन्यादाखल पाठवला’ असे उत्तर मिळाले.

हेड परत आले ते माझेच होते; खूण जागेवर होती. पोर्ट मात्र आरशासारखे चकचकीत होते. गोल टोकाचे कटर सीएनसीवर फिरते तेव्हा ते समान अंतरावर बारीक, नियमित रेषा सोडते. वळणाच्या आत टॉर्च धरून पाहिले तर तशी एकही रेषा नव्हती, होते ते हाताने फिरवलेल्या ग्राइंडरचे उंचवटे आणि त्यावर मारलेला पॉलिशपेपर. कोणी म्हणेल की रेषा पॉलिशमध्ये गेल्या असतील, म्हणून व्हॉल्व्ह बसवून इनटेकच्या दोन्ही पोर्टमध्ये ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीने) रॉकेल भरून पाहिले. दोहोंत मावणाऱ्या रॉकेलच्या मापात मोठा फरक निघाला. एका प्रोग्रॅमने कापलेल्या पोर्टमध्ये इतका फरक पडूच शकत नाही.

मला सर्वांत गंभीर वाटते ती सीटची लबाडी. रिंग बसवलेली असेल तर तिच्याभोवती बारीक वर्तुळाकार सांधा दिसतो. इथे वर्तुळ होते, पण ते सांध्याचे नव्हतेच. बिडावर केवळ उथळ खाच मारून रिंगेचा आभास निर्माण केला होता. बारीक कानस वर्तुळाच्या आत आणि बाहेर हलकेच फिरवली, तर दोन्हीकडे ती सारखीच चावली. कठीण रिंगेवर ती घसरली असती. हे जाणूनबुजून केलेले आहे, कारण अशी खाच चुकून पडत नाही.

त्यानंतर मी दुसऱ्या, अनुभवी मिस्त्रींकडे हेडची प्रेशर टेस्ट करवली. पोर्टभोवतीच्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पोकळीत हवेचा दाब देऊन हेड गरम पाण्यात बुडवताच एका इनटेक पोर्टमधून बुडबुडे आले. जुन्या ओतकामात आतली पोकळी थोडी सरकलेली असू शकते, त्यामुळे पोर्टची भिंत एका बाजूला पातळ भरते. जबाबदार कारागीर आधी अल्ट्रासॉनिक गेजने जाडी तपासतो आणि मगच किती कापायचे ते ठरवतो. इथे अंदाजाने घासत भिंतच फोडली गेली होती. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि हे इंजिन त्याच्याही कितीतरी आधी मागे पडले होते. आता चांगले हेड भंगारबाजारातच शोधावे लागते, म्हणून या नुकसानीचे मला पैशांहून अधिक दुःख आहे.

वर्कशॉपने आता ‘हेड आणून द्या, फुकट दुरुस्त करू’ असा निरोप पाठवला आहे. असा निरोप कोणालाही आला तर हेड देऊ नये, कारण खोटी खाच आणि फुटलेली भिंत हाच आपला पुरावा असतो आणि तो त्यांच्या हाती गेला की एका दिवसात नाहीसा होतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्यासाठी सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची आहे आणि गरज पडल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठवू शकतो. कोटेशन, बिल, त्यांनी पाठवलेला व्हिडिओ, आधीची छायाचित्रे व मापे आणि दुसऱ्या मिस्त्रींचा लेखी अहवाल जोडून मी नोटीस पाठवली आहे. हेड तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कुलपात ठेवले असून आयोगाने मागितल्याशिवाय ते कोणाच्याही हाती देणार नाही.