व्यवहार्यता अभ्यासातला लोकसंवाद: मुख्य फर्मकडे द्यावा की स्वतंत्र सल्लागाराकडे?

स्थानिक प्रकल्पाच्या व्यवहार्यता अभ्यासात, म्हणजे प्रकल्प करण्याजोगा आहे का याच्या तपासणीत, लोकांशी बोलण्याचं काम बाहेर द्यायचं ठरलं, की समितीपुढे दोन वाटा येतात. अभ्यास करणाऱ्या अभियांत्रिकी फर्मच्याच करारात लोकसंवाद घालायचा, किंवा त्यासाठी वेगळा सल्लागार नेमायचा. समितीचा सदस्य म्हणून मी दोन्ही प्रकारचं काम जवळून पाहिलं. पहिल्या अभ्यासाला फर्म होती. पुढच्या वेळी स्वतंत्र सल्लागाराचा आग्रह मी धरला.

फर्मची बाजू कमकुवत नाही, हे आधीच सांगतो. एकच करार, एकच वेळापत्रक, जबाबदारही एकच. बैठकीत कुणी सांडपाण्याबद्दल किंवा देखभालीच्या खर्चाबद्दल विचारलं, तर उत्तर देणारा अभियंता समोरच बसलेला असतो. स्वतंत्र सल्लागाराला अशा वेळी ‘विचारून सांगतो’ म्हणावं लागतं आणि लोकांना ते रुचत नाही. शिवाय तो आजारी पडला तर त्याच्या जागी उभं राहायला दुसरं कुणी नसतं. प्रश्न मुख्यतः तांत्रिक असेल आणि लोकांत फारसे मतभेद नसतील, तर फर्म पुरेशी ठरावी.

मला खटकलं ते नोंदींचं. फर्मच्या अंतरिम अहवालात लोकसंवादाचं प्रकरण नेटकं होतं: ‘स्थानिकांनी वाहतुकीबाबत चिंता व्यक्त केली’, ‘एकूण प्रतिसाद सकारात्मक’. त्या बैठकीत मी स्वतः होतो. एका बाईंनी नकाशावर बोट ठेवून, शाळा सुटताना मागच्या रस्त्यावर गाड्या नेमक्या कुठे अडकतात आणि का, हे समजावून दिलं होतं. अहवालात त्याची एक ओळ उरली होती. पुढच्या बैठकीत त्यांनीच विचारलं, “मी सांगितलं त्याचं काय झालं?” आम्ही फर्मकडे मूळ टिपणं मागितली. ती आमची अंतर्गत कागदपत्रं आहेत, करारात फक्त अहवाल द्यायचं ठरलंय, असं उत्तर आलं. कराराच्या दृष्टीने त्यांचं बरोबरही असेल. पण त्या बाईंना द्यायला समितीकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर त्या बैठकांना आल्या नाहीत, आणि त्यांच्या ओळखीचे लोकही हळूहळू यायचे थांबले.

आयएपीटू या आंतरराष्ट्रीय संघटनेची लोकसहभागाची पाच पातळ्यांची मांडणी या क्षेत्रात सर्रास वापरली जाते. नुसतं मत विचारणं ही त्यातली दुसरीच पातळी. तिथेही लोकांना एक आश्वासन द्यायचं असतं: तुमच्या म्हणण्याचा निर्णयावर काय परिणाम झाला, ते आम्ही कळवू. कोण काय म्हणालं हेच हाती नसेल, तर कळवणार काय? अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी 1969 मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात मत विचारणं चौथ्या पायरीवर आहे आणि ती त्यांनी दिखाऊ सहभागातच धरली. आमच्या फर्मचा हेतू दिखाव्याचा होता असं मी म्हणणार नाही, पण लोकांच्या हाती त्याहून जास्त काही पडलं नाही.

स्वतंत्र सल्लागाराने प्रत्येक बैठकीनंतर टिपण केलं: म्हणणं शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत, आणि शेजारी ‘पुढे काय झालं’ असा रकाना. ‘मान्य’, ‘तपासणी चालू’, ‘अमान्य, कारण अमुक’. हे टिपण आधी बैठकीला आलेल्यांना दाखवलं जाई, मग अभियंत्यांकडे जाई. अभियंत्यांना सुरुवातीला ते जाचक वाटलं, कारण प्रत्येक रकान्याला उत्तर द्यावं लागे. पण नकार मिळालेले लोकही पुढच्या बैठकीला येत राहिले. माझ्यासाठी तोच पुरावा.

आणखी एक फरक जाणवला. ‘हा प्रकल्प करू नये’ हेही व्यवहार्यता अभ्यासाचं रास्त उत्तर असू शकतं. पुढे आराखड्याचं काम मिळण्याची आशा असलेल्या फर्मला तो सूर ऐकून घेणं जड जात असावं. सगळ्याच फर्मना हे लागू नाही, हे मान्य.

स्वतंत्र सल्लागार निवडताना सादरीकरणापेक्षा त्याच्या जुन्या कामाची, बोलणाऱ्यांची नावं वगळलेली टिपणं मागवा. बैठकीत प्रत्यक्ष कोण उभं राहणार, ते लेखी घ्या. पर्याय पक्के होण्याआधी त्याला नेमा. नंतर लोकांना विचारण्यासारखं फार थोडं उरतं. ‘विचारून सांगतो’ची अडचण मात्र मुख्य फर्मच्या करारातच सुटते. ठरावीक बैठकांना अभियंता हजर राहील आणि टिपणातल्या प्रश्नांना मुदतीत लेखी उत्तर देईल, असं कलम तिथे घाला. दोन करारांचा समन्वय समितीवर पडतो आणि तो वेळखाऊ आहे. तरीही माझा कल इकडेच राहील.

पैशामुळे किंवा नियमामुळे फर्मकडेच काम द्यावं लागलं, तर एवढं तरी करा: मूळ टिपणांची मालकी समितीची, आणि बोलणाऱ्यांची ओळख गुप्त ठेवण्याची जबाबदारीही समितीची, हे कार्यादेशातच लिहून घ्या. याला तयार नसलेल्या फर्मला मी लोकसंवादाचं काम देणार नाही.