पूरग्रस्तांना तातडीचं रेशन म्हणून अंगठा घेतला आणि खातं रिकामं केलं, गावाकडं सांगून ठेवा

धाराशिव जिल्ह्यात परांडा, भूम, वाशी, कळंब, तिकडं बीडच्या बाजूला नाहीतर नांदेडात मुखेडकडं, २०२५ च्या पावसात जिथं जिथं घरात पाणी शिरलं तिथं ज्यांचे आईवडील एकटे राहतात त्यांनी हे पूर्ण वाचा आणि आजच घरी फोन करा. "फास्ट ट्रॅक धान्य योजना", "तातडीचं रेशन", "पूरग्रस्त अंत्योदय" असलं काहीतरी नाव सांगून माणसं फिरायलेत, हातात टॅब असतो, त्याला अंगठ्याचं छोटं मशीन जोडलेलं असतं आणि गळ्यात तीन सिंहांचं चित्र असलेलं कार्ड. माझ्या आईचे आणि चुलतीचे पैसे असेच गेले. गल्लीतल्या आणखी काही बायकांचे पण गेलेत पण त्या घरच्यांच्या भीतीनं बोलत नाहीत.

आमचं गाव परांडा तालुक्यात सीना नदीच्या काठाला. सप्टेंबरात काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलं, आमच्या तालुक्यात लोकांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढायची वेळ आली. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. सोयाबीन तर गेलंच, पण घरात भरून ठेवलेली ज्वारी पण भिजली आणि चार दिवसांत पोत्यातच कोंब फुटले. शहरातल्या माणसाला वाटतं की पाणी ओसरलं म्हणजे संकट संपलं, पण खरी उपासमार पाणी ओसरल्यावर चालू होते कारण चूल ओली, पीठ नाही, गिरणी बंद, आणि रोजगाराला जावं तर रान सगळं चिखल.

त्यात आईचं कार्ड केशरी. आपल्या मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत आणि विदर्भातल्या काही जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना आधी स्वस्तात गहू तांदूळ मिळायचा, २०१५ पासून ती योजना होती, मग २०२३ पासून धान्य बंद केलं आणि माणशी महिन्याला १५० रुपये खात्यावर द्यायचं ठरलं, पुढं ते १७० केले. आता १७० रुपयांत बाजारातनं किती ज्वारी येते ते ज्याचं त्यानं बघावं. पण मुद्दा हा की शेजारणीच्या घरी कंट्रोलचा, म्हणजे रेशन दुकानाचा, तांदूळ यायचा आणि आईच्या घरी नाही, म्हणून आईला पिवळं, म्हणजे सगळ्यात गरिबांसाठीचं अंत्योदयचं, किंवा निदान प्राधान्य कुटुंबाचं कार्ड पाहिजेच होतं आणि ती त्यासाठी आधीपासून तहसीलला चकरा मारत होती. प्रत्येक वेळी उत्तर एकच, इष्टांक शिल्लक नाही, म्हणजे ठरवून दिलेल्या जागा भरल्यात. हे उत्तर खोटं नसतं बरं का. अन्न सुरक्षा कायद्यात महाराष्ट्राला सुमारे ७ कोटी लोकांची मर्यादा ठरवून दिलेली आहे आणि जागा रिकामी झाल्याशिवाय नवीन नाव आत जात नाही. ही रांग आहे हे त्या फसवणाऱ्याला पक्कं माहीत होतं आणि त्यानं त्या रांगेतली जागाच विकायला काढली.

पहिल्यांदा तो आला तेव्हा पैशाचं नावसुद्धा काढलं नाही. पाच किलो आटा, तेलाची पिशवी, मीठ, डाळ असं एक किट दिलं आणि आधारच्या झेरॉक्स घेऊन गेला. नंतर आम्हाला कळलं की ते किट पुण्याच्या बाजूच्या लोकांनी गाडी भरून फुकट वाटायला पाठवले होते, यानं मी वाटून देतो म्हणून काही उतरवून घेतले आणि तेच वापरून घरोघरी विश्वास कमावला. मला सगळ्यात जास्त संताप याचा येतो. कुणीतरी पोटाला चिमटा घेऊन पाठवलेलं अन्न, ते यानं गळाला लावलं.

दुसऱ्या खेपेला छापील फॉर्म घेऊन आला. वर मोठ्या अक्षरात तातडीची अन्नधान्य मदत वगैरे लिहिलेलं, खाली सही अंगठ्याची जागा. म्हणला, मावशी तुम्ही विधवा आहात म्हणजे अंत्योदयमधे बसताच, पस्तीस किलो धान्य महिन्याला, ते पण फुकट, फक्त यादी उद्या संध्याकाळी बंद होणार आहे म्हणून अर्जंटमधे टाकावं लागंल. फॉर्मचे ३५० आणि अर्जंटचे २,५००. आईकडं तेवढे नव्हते, चुलतीनं बचत गटातनं उचलून दोघींचे भरले. पावती मागितली तर म्हणला, ऑनलाइन निघते, मोबाइलवर येईल.

आता त्याच्या बोलण्यात खरं किती होतं बघा, कारण म्हणूनच माणूस फसतो. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं हे खरं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, ते पण खरं. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे आणि पुढं २०२४ पासून पाच वर्षं वाढवलंय, हे सुद्धा खरं. विधवा बाईचा अंत्योदयसाठी विचार होतो हे पण खरं. खोटं एवढंच की हे काम अर्जंट पैसे भरून होतं. कुठल्याच तहसीलमधे अर्जंट अंत्योदय नावाचा प्रकार नाही.

मग आला अंगठा. तो म्हणला आता केवायसी, म्हणजे ओळख पटवायचं काम, करावी लागंल, पण त्याच्या आधी त्यानं एक प्रश्न विचारला जो आईच्या अजून डोक्यातनं जात नाही, "मावशी, पुराचे दहा हजार खात्यावर आले का? आले असतील तरच केवायसी पुढं सरकते." घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना सरकारनं जे १०,००० रुपये दिले ते नुकतेच जमा झालते. आईनं हो म्हणलं. त्यानं टॅबवर आधार नंबर टाकला, बँक कोणती ते विचारलं आणि अंगठा ठेवा म्हणला, मग म्हणला लागला नाही, परत ठेवा, मग दुसरं बोट ठेवा. आईच्या बोटांच्या रेषा खुरपून खुरपून झिजल्यात, कंट्रोलवर पण तिला दोन तीनदा अंगठा ठेवावा लागतो, त्यामुळं परत ठेवा म्हणण्यात तिला काहीच वावगं वाटलं नाही. चुलतीचं पण तसंच केलं. शेवटी म्हणला सर्वर डाऊन आहे, उद्या येतो, आणि गेला तो गेलाच.

खात्यातनं बरोबर १०,००० गेले. आधारवरनं पैसे काढायची जी सोय आहे, जी गावात बँक मित्राकडं, म्हणजे बँकेनं गावात नेमलेल्या माणसाकडं, आपण वापरतो, तिच्यात आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं. ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, कार्ड लागत नाही, आणि एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम निघते. आपण सगळ्यांनी आईवडिलांना वर्षानुवर्षं एकच गोष्ट शिकवली, कुणाला ओटीपी सांगू नका. आईनं नाही सांगितला ओटीपी. तिला कुणी विचारलाच नाही.

आणि मेसेज? खात्याला नंबर जोडलेला होता वडिलांचा, वडील गेल्यावर ते सिम बंद पडलं. म्हणून पैसे गेल्याचं कळलं ते थेट पासबुक भरून आणल्यावर, मी लातूरहून गेले तेव्हा.

आमच्याकडं काही जण म्हणाले की अडाणी बायका, लालच केलं. हे मला अजिबात मान्य नाही. माझी आई सातवी शिकलेली आहे, गटाचा हिशोब तिच्याकडं असतो आणि रुपयाचा फरक पडला तरी ती रात्रभर बसून शोधते. तिनं बंगला मागितला नव्हता, ज्वारी मागितली होती. गावात पंचनाम्याची यादी वेळेवर भिंतीवर लागली असती, धान्य कधी येणार कुणाला येणार हे कुणी चावडीवर उभं राहून सांगितलं असतं तर त्या माणसाला दारात उभं राहायला जागाच मिळाली नसती. जिथं खरी माहिती पोचत नाही तिथं खोटी आधी पोचते.

आता खरी पद्धत काय आहे ती सांगते, कारण मला हे सगळं नंतर फिरून फिरून कळलं. पुरानंतरचं तातडीचं धान्य, म्हणजे कुटुंबाला १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ, त्याला कुठल्याही एजंटकडं फॉर्म भरायचा नसतो. तलाठी, ग्रामसेवक येऊन पंचनामा करतात, त्यावरनं तहसीलला यादी होते आणि धान्य गावात येतं. पंचनाम्यात नाव सुटलं असेल तर तहसीलदाराच्या नावानं साधा अर्ज लिहायचा आणि आवक जावकला, म्हणजे अर्ज जमा करायच्या टेबलावर, देऊन आपल्या कॉपीवर शिक्का घ्यायचा, शिक्का घेतल्याशिवाय तिथनं हलायचं नाही. आईचं नाव यादीत होतं. धान्य उशिरा आलं पण एक रुपया न देता आलं.

कायमच्या रेशनसाठी खेड्यात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ४४,००० च्या आत आणि शहरात ५९,००० च्या आत अशी प्राधान्य कुटुंबाची अट आहे, उत्पन्नाचा दाखला जोडून तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्यायचा. इष्टांकाची रांग आहे, वेळ लागतो, आईचा अर्ज पण अजून रांगेतच आहे आणि मी तिला खोटी आशा दाखवत नाही. रेशनची ई-केवायसी मात्र कुठल्याही कंट्रोलच्या दुकानात तिथल्या मशीनवर फुकट होते, आपलंच दुकान पाहिजे असं पण नाही, आणि आता मेरा ई-केवायसी नावाच्या सरकारी ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या पण होते. म्हणजे केवायसीसाठी कुणी अंगठ्याचं मशीन घेऊन दारात यायचं कारणच उरत नाही. शंका आली तर रेशनची हेल्पलाइन आहे १९६७, फोन लावायचा आणि त्या माणसाच्या समोरच लावायचा.

असा अंगठा दिला गेला असेल तर त्याच दिवशी १९३० ला फोन करा, हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, जितका लवकर तितकं बरं कारण पैसे पुढं सरकायच्या आत अडवता आले तर अडवतात. मग बँकेत लेखी तक्रार, तोंडी नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, चूक बँकेची पण नाही आणि आपली पण नाही अशा व्यवहारात बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर भार ग्राहकावर टाकता येत नाही. आमच्या शाखेत आधी म्हणले अंगठा तुमचाच आहे मग आम्ही काय करणार, पण मी नियमाचं नाव घेऊन अर्ज दिल्यावर घेतला. आईला मेसेजच आला नव्हता हे मी अर्जात मुद्दाम लिहिलं, तुमचं तसं असेल तर तुम्ही पण लिहा. आधारच्या वेबसाइटवर मागच्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठं कुठं वापरलं त्याची हिस्ट्री निघते, ती प्रिंट तक्रारीला जोडा, आमच्या प्रिंटमधे त्या दुपारचे सगळे अंगठे वेळेसकट दिसले. बँकेकडनं कळलं की ते मशीन दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कुणाच्या नावावर आहे. पोलिसांत तक्रार दिलीय, चौकशी चालू आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

अंगठा लॉक पण करता येतो, आधारच्या सरकारी ॲपमधनं, पण त्याला आधारशी चालू मोबाइल नंबर जोडलेला लागतो, म्हणून आधी आधार केंद्रावर जाऊन तो जोडून घ्या. आम्ही दोघींचे नंबर बदलून घेतले, बँकेत पण आणि आधारला पण, आता मेसेज माझ्या भावाच्या फोनवर येतात. एक गोष्ट लक्षात ठेवा, लॉक केल्यावर कंट्रोलच्या मशीनवर पण अंगठा चालत नाही, धान्य आणायच्या दिवशी थोड्या वेळापुरता उघडावा लागतो. हे आधी सांगून ठेवलं नाही तर म्हातारं माणूस दुकानातनं रिकामी पिशवी घेऊन परत येतं. आणि झेरॉक्स पण त्याच्याकडं गेल्यात म्हणून संचार साथी नावाच्या सरकारी वेबसाइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघून घ्या.

तो माणूस तिशीच्या आतबाहेरचा आहे, बोलायला लई गोड, प्रत्येक बाईला मावशी म्हणतो, आणि गावातलंच एखादं पोरगं सोबत घेऊन फिरतो म्हणजे लोकांना ओळखीचा वाटावा. आमच्या गावच्या पोराला त्यानं दिवसाची मजुरी दिलती, त्या पोरानं आता पोलिसांत जबाब दिलाय. ज्या बायका घाबरून गप्प आहेत त्यांच्या मुलामुलींना हात जोडून सांगते, आईला रागावू नका, पासबुक भरून आणा आणि तक्रार द्या, कारण ते मशीन ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर जितक्या तक्रारी एकत्र येतील तितकं पोलिसांना ते प्रकरण बाजूला ठेवणं अवघड जाईल.